उन्हाच्या मुलुखातील दिवे : घरातील रोपांसाठी एलईडी प्रकाशाचा एक आढावा

ज्या मुलुखात वैशाखातल्या दुपारी माणूस, गुरे आणि पाखरे सारख्याच निकडीने सावलीचा आश्रय शोधतात, तेथे रोपांसाठी प्रकाश विकत आणण्याचा प्रश्न उपस्थित व्हावा, हे प्रथमदर्शनी विपरीतच वाटेल. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूची वाट जेथे मिळते, त्या देवगाव फाट्यावर उभ्या राहणाऱ्या कोणाही प्रवाशाला सूर्यप्रकाशाच्या टंचाईची कैफियत सांगू गेल्यास तो हसेल, आणि त्याचे हसणे गैरवाजवी म्हणता येणार नाही. कारण परभणी जिल्ह्याच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या घरात असतो, मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, आणि निरभ्र माध्यान्ही उघड्या रानावर 1 लाख लक्सच्या आसपास प्रकाश पडतो. परंतु हा सारा जमाखर्च आभाळाखालचा आहे. उंबरठा ओलांडून माजघरात आले, की तोच आकडा दोनशे-तीनशे लक्सवर येतो, म्हणजे शेकडा एक हिस्साही उरत नाही. माणसाचा डोळा अंधाराशी आणि उजेडाशी जुळवून घेतो, त्यामुळे ही प्रचंड घट आपल्याला जाणवत नाही. पानाला अशी सोय निसर्गाने दिलेली नाही, आणि म्हणून ‘खोलीत चांगला उजेड आहे’ ही माणसाची साक्ष झाडाच्या मामल्यात ग्राह्य धरता येत नाही.

या गोष्टीचा पुरावा मराठी घरांत दर आश्विनात रुजू होतो. घटस्थापनेला शेतातली काळी माती पत्रावळीवर घेऊन तिच्यात गहू, ज्वारी आदी धान्य पेरतात आणि घट देवघराच्या मंद उजेडात बसवतात; नवव्या दिवशी त्यावर वीतभर उंचीचे जे कोवळे तुरे उभे असतात, ते हिरवे नसून फिकट पिवळे असतात, त्यांचे देठ बारीक आणि लांबलचक असतात, आणि दसऱ्याला ते टोपीत किंवा फेट्यात खोवताना सहज लवतात. त्याच दिवशी बाहेर पेरलेला गहू या मुदतीत उंचीने निम्मा पण रंगाने गर्द आणि अंगाने दणकट असतो. अंधारातल्या अंकुराला पहिली तातडी असते ती प्रकाश गाठण्याची. तो दाण्यातली सारी पुंजी उंची वाढवण्यात खर्ची घालतो, पान रुंद करण्याचे काम तहकूब ठेवतो, आणि हरितद्रव्य तयार करण्याच्या शेवटच्या टप्प्यातली एक पायरी प्रकाशाशिवाय ओलांडता येत नसल्याने पिवळाच राहतो. घटाच्या बाबतीत हे पिवळेपण शुभ मानलेले आहे; परंतु दिवाणखान्यातल्या मनीप्लांटची दोन पानांमधली अंतरे वाढू लागली, कोरफड खिडकीच्या दिशेने कलली, किंवा सदनिकेच्या बंदिस्त बाल्कनीत तुळस खालून पाने गाळू लागली, तर ती त्याच दारिद्र्याची लक्षणे होत.

आता दिवा घ्यावयाचा ठरले, की पहिला घोटाळा मोजमापाचा होतो. बल्बच्या खोक्यावर जे ल्यूमेन छापलेले असतात, ते माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजलेले असतात. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो आणि गडद तांबड्या-निळ्याला फारशी देत नाही. पानाचा हिशेब याहून वेगळा, आणि खरे म्हणजे अधिक सरळ आहे. ते 400 ते 700 नॅनोमीटरच्या दरम्यानचे प्रकाशकण मोजते, आणि त्या कणांच्या संख्येवर प्रकाशसंश्लेषण ठरते. म्हणून वनस्पतींच्या प्रकाशाचे खरे माप मायक्रोमोल हे कणसंख्येचे एकक आहे: दिवा सेकंदाला किती मायक्रोमोल बाहेर टाकतो, त्यांतले चौरस मीटर जागेवर किती पोचतात, आणि दिवसभरात त्यांची बेरीज किती मोल होते. या तीन आकड्यांपैकी शेवटचा, म्हणजे दिवसाची बेरीज, हाच रोपाच्या पोटापाण्याचा आकडा होय. उन्हाळ्यात उघड्या रानाला तो चाळिसाच्या वर मिळतो; टोमॅटो-मिरचीला वीस तरी हवा असतो; कोथिंबीर, मेथी, पालक यांना बारा मिळाल्यास उत्तम आणि आठांत काम भागते; मनीप्लांटसारखी सावलीची सवय असलेली झाडे दोन ते चारांवर सुखाने राहतात. माजघरातल्या दोनशे-तीनशे लक्सची दिवसाची बेरीज मात्र एका मोलाच्या पाचव्या हिश्शालाही क्वचितच पोचते.

सामान्य गृहस्थाजवळ मायक्रोमोल मोजण्याचे यंत्र नसते, आणि ते घेण्याची शिफारस मी करणार नाही. मोबाईलमध्ये लक्स दाखवणारी सोय असते. पांढऱ्या एलईडीखाली त्या आकड्याला ढोबळमानाने सत्तरने आणि सूर्यप्रकाशात चोपन्नने भागले, की मायक्रोमोलचा कामचलाऊ अंदाज मिळतो. मोबाईलचा संवेदक काही प्रमाणित साधन नव्हे, परंतु दोन जागांची तुलना करण्यापुरती त्याची साक्ष पुरेशी आहे.

रंगाचा प्रश्न हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गाजलेला आणि माझ्या मते सर्वांत फुगवलेला भाग आहे. बाजारात ‘ग्रो लाईट’ म्हणून जे जांभळे दिवे मिळतात, त्यांच्या मुळाशी एक अर्धे सत्य आहे. हरितद्रव्य पानातून काढून द्रावणात घालून तपासले, तर ते निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते आणि हिरवा बराचसा सोडून देते. यावरून हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी, असा समज रूढ झाला, आणि तांबड्या व निळ्या डायोडची कार्यक्षमता चांगली असल्याने कारखानदारांनाही तो सोयीचा वाटला. परंतु द्रावणातले हरितद्रव्य आणि जिवंत पान या दोन भिन्न वस्तू आहेत. 1972 साली, म्हणजे योगायोगाने ज्या वर्षी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, टेक्सासमधील संशोधक कीथ मॅक्री यांनी 22 पिकांच्या पानांवर केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. तांबडा प्रकाश सर्वांत फलदायी ठरला हे खरे. परंतु हिरवा प्रकाशही चांगलाच कामी येतो, हे तिने निर्विवाद दाखवले. पानाच्या आत पेशींमधून वारंवार उलटसुलट परावर्तित होत हिरवा प्रकाशकण खोलवरच्या थरापर्यंत जातो, आणि पृष्ठभागावर तांबड्या-निळ्याची गर्दी झालेली असताना आतल्या पेशींना तोच पोसतो.

जांभळ्या दिव्याचा दुसरा दोष व्यावहारिक आहे, आणि घरच्या माणसाला तो अधिक जाचतो. त्या प्रकाशात पान काळपट दिसते. नत्राच्या अभावाने आलेला पिवळेपणा, लाल कोळ्याने पाडलेले ठिपके, पाण्याअभावी आलेली मरगळ, यांपैकी काहीही वेळेवर नजरेस पडत नाही. शिवाय दिवाणखान्याला नाटकाच्या रंगमंचाची कळा येते, ती वेगळीच.

पांढरा एलईडी हा वस्तुतः निळाच डायोड असतो. त्यावर पिवळट स्फुरदीप्त लेप दिलेला असतो आणि निळ्याचा काही भाग त्या लेपातून जाताना पिवळ्या, हिरव्या, तांबड्या प्रकाशात रूपांतरित होतो. तांबडा डायोड 1962 सालीच निक होलोन्याक यांनी केला होता. प्रखर निळ्यासाठी आणखी तीस वर्षे लागली, आणि त्या कामगिरीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच जानेवारीत भारत सरकारची उजाला योजना सुरू झाली, आणि पूर्वी तीनशे-साडेतीनशे रुपयांना पडणारा एलईडी बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांत खेडोपाडी पोचला. घरातल्या रोपांच्या दृष्टीने कोणत्याही खास ‘ग्रो लाईट’पेक्षा या स्वस्ताईचे महत्त्व मला अधिक वाटते. पांढऱ्यातही छटा आहेत: 6500 केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्यात रोप आखूड आणि गच्च राहते, 2700-3000च्या पिवळसर प्रकाशात ते थोडे लांबट होते, 4000 केल्व्हिनचा मधला पांढरा घेतला तर दोन्हींचा समतोल साधतो आणि घरच्या माणसांच्याही डोळ्याला तो सुसह्य असतो.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. 9 वॅटच्या साध्या बल्बातून सुमारे 900 ल्यूमेन, म्हणजे सेकंदाला तेरा मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश निघतो. हा सारा प्रकाश काटकसरीने अर्धा मीटर लांब आणि तितक्याच रुंद जागेवर उतरवता आला, तर तेथे 52 मायक्रोमोल पडतील आणि बारा तासांत सव्वादोन मोल जमतील. मनीप्लांटची सोय झाली. तोच बल्ब छताला टांगला, की प्रकाश भिंती, जमीन आणि माणसांच्या डोक्यांवर वाटला जाऊन कुंडीच्या वाट्याला नाममात्र येतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद फळीवर 20 वॅटच्या दोन बॅटन, म्हणजे नळीसारखे लांब एलईडी दिवे, फूटभर उंचीवर लावल्या, आणि त्यांच्या प्रकाशाचा पाऊण हिस्सा पानांवर पडला असे धरले, तर चौरस मीटरला ऐंशीच्या जवळपास मायक्रोमोल आणि चौदा तासांत चार मोल होतात. बॅटन चार केल्या तर आठ, कोथिंबिरीपुरते झाले. आणि घरात टोमॅटो पिकवण्याची हौस असेल, तर त्याच फळीवर दहा बॅटन हव्यात, महिन्याला 84 युनिट वीज जाईल, आणि हाती येईल त्या टोमॅटोचा भाव सेलूच्या आठवडी बाजारात कोणी विचारणार नाही.

प्रकाशाच्या विसरणाकडे, म्हणजे तो विखुरण्याकडे, वळण्यापूर्वी एका गैरसमजाची वासलात लावणे इष्ट आहे. पॉलिहाऊसवर प्रकाश विखुरणारा कागद घालतात. नेदरलँड्समध्ये वागेनिंगनच्या संशोधकांनी काकडी-टोमॅटोवर अशा विखुरणाऱ्या काचेचे प्रयोग केले आणि उत्पादनात काही टक्के वाढ नोंदवली. त्याचे कारण असे की सूर्य हा एकाच दिशेने येणारा प्रखर झोत आहे. वरची पाने त्यात तृप्त होऊन वाया घालवतात आणि खालची सावलीत उपाशी राहतात, तेव्हा झोत मोडून चहूकडे पसरवला की तोच प्रकाश न्यायाने वाटला जातो. घरातल्या फळीवर एकही पान तृप्त नसते. तेथे विसरणाने उत्पादन वाढेल, हा विक्रेत्याचा दावा निराधार आहे. तेथे विसरण लागते ते तीन निराळ्या कारणांसाठी. एक, मधोमध प्रखर आणि कडेला मिणमिणता असा जो विषम प्रकाश पडतो तो सारखा करणे. दोन, उघड्या डायोडच्या टोकदार तेजाचा माणसाच्या डोळ्यांना होणारा त्रास टाळणे. आणि तीन, वेगवेगळ्या रंगांचे डायोड असल्यास त्यांच्या रंगीत सावल्या एकमेकींत मिसळणे.

या तिन्हींसाठी लोक प्रथम दुधी आवरणाकडे धाव घेतात, आणि तेच शेवटचे साधन असावयास हवे. प्रत्येक आवरण आपला कर वसूल करते: हलका खरबरीत पत्रा शेकडा दहा-पंधरा, दाट दुधी पत्रा तीस-चाळीसपर्यंत. बॅटनला मुळातच दुधी आवरण असते; तिच्यावर आणखी बटर पेपर गुंडाळणे म्हणजे विजेचे पैसे देऊन काळोख विकत घेणे होय, शिवाय उष्णता कोंडते ती निराळी. उघड्या पट्टीवर, किंवा भिंगाने झोत आवळलेल्या दिव्यावर मात्र पातळ आवरण समर्थनीय आहे.

त्याआधीचा आणि उत्तम उपाय म्हणजे एका थोर दिव्याऐवजी अनेक लहान दिवे. 40 वॅटचा एक गोळा मधोमध टांगण्यापेक्षा 10 वॅटच्या चार पट्ट्या समांतर लावाव्या आणि दोन पट्ट्यांमधले अंतर त्यांच्या पानांपासूनच्या उंचीपेक्षा अधिक होऊ देऊ नये. प्रत्येक पानावर तीन-चार दिशांनी प्रकाश येतो आणि सावली आपोआप विरघळते. दिवा वर उचलल्यानेही प्रकाश समान होतो, परंतु तो फळीबाहेर सांडतो. हा सांडलेला प्रकाश परत आणण्याचे साधन आपल्या पूर्वजांच्या घरांत होते, ते म्हणजे चुना. ताज्या चुन्याची भिंत प्रकाशाचा शेकडा ऐंशीहून अधिक हिस्सा परतवते, आणि आरशासारखा एका रेषेत न परतवता सर्व दिशांना विखरून परतवते. फळीच्या तीन बाजूंस चुना दिलेला पुठ्ठा किंवा पांढरा थर्माकोल उभा केला, तर कडेच्या कुंड्यांचे दैन्य बरेच फिटते. चकचकीत अॅल्युमिनियमचा कागद डोळ्याला भारी दिसतो, पण त्याच्या सुरकुत्यांतून पानावर प्रखर ठिपके पडतात. साध्या पांढऱ्यापुढे त्याची मातब्बरी नाही.

समानता झाली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. फळीवर तीन ओळींत तीन अशा नऊ जागा ठरवून प्रत्येक ठिकाणी मोबाईल उताणा ठेवावा, आकडे लिहून सरासरी काढावी, आणि सर्वांत कमी आकडा सरासरीच्या सात-दशांशाहून खाली असेल तरच आणखी खटपट करावी. त्याहून वर असेल, तर आठवड्यातून एकदा कुंड्यांच्या जागा बदलणे एवढी तजवीज पुरते.

प्रकाश हे झाडाचे अन्न आहे तसाच तो झाडाला मिळणारा निरोपही आहे, आणि महाराष्ट्रात कृत्रिम दिव्यांचा जो मोठा व्यवहार शेतीत चालतो, तो बहुतांशी या निरोपाचा आहे. दिवस-रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखण्याची वनस्पतींची ही शक्ती गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू व सोयाबीनवरून प्रथम सिद्ध केली. शेवंती दीर्घ रात्रीशिवाय फुलत नाही. म्हणून पॉलिहाऊसवाले तिची उंची वाढेपर्यंत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून रात्र तोडतात, आणि मग दिवे बंद करून कळ्या धरवतात. ड्रॅगन फ्रूटचे उलट: त्याला लहान रात्र हवी, म्हणून सोलापूर-सांगलीकडचे बागाईतदार हिवाळ्यात वेलांवर दिव्यांच्या माळा टांगून बिगरहंगामी फुले घेतात. या कामी अगदी मंद प्रकाश पुरतो, आणि त्यातच घरच्यासाठी इशारा आहे: व्हरांड्यात रात्रभर दिवा जळत असेल तर त्याखालची शेवंतीची कुंडी कळी धरणार नाही. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी रस्त्याचे दिवे रात्रभर जळत असतील, तर त्यांच्या कक्षेतले सोयाबीन उरलेले शेत पिवळे पडल्यावरही हिरवेच राहू शकते, याचेही कारण हेच. शेतकऱ्याने तो दोष बियाण्याच्या माथी मारू नये.

तिसरा उपयोग ऊतिसंवर्धनाचा. नांदेड-हिंगोलीकडे केळीच्या मळ्यांत ‘जी-नाइन’ जातीची जी रोपे लागतात, त्यांचे पहिले दिवस जळगावच्या किंवा अन्य प्रयोगशाळांतल्या काचेच्या बाटल्यांत, मांडणीवरच्या दिव्यांखाली गेलेले असतात: सोळा तास उजेड, आठ तास काळोख, आणि प्रकाश अवघा दोन-तीन हजार लक्सचा. एवढ्यावर रोप जगते कसे, याचे उत्तर बाटलीतल्या खाद्यात आहे. त्यात साखर घातलेली असते आणि रोपाला प्रकाशातून अन्न कमावण्याची फारशी गरज नसते. प्रयोगशाळेची मांडणी पाहून घरी तितकाच प्रकाश देणाऱ्याची निराशा होते, ती एवढ्याचसाठी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दशकानुदशके न फुलणाऱ्या बांबूला बाटलीतच फुले आल्याचे 1990 साली जगभर गाजले. ती किमया दिव्याची नसून संप्रेरकांची होती, हे अशा घटनांचा दाखला देऊन दिवे विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

किरकोळ बाबी थोडक्यात. एलईडी थंड असतो हा भ्रम आहे. निम्म्याच्या आसपास वीज उष्णता होते आणि बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कोंडलेल्या खणात दिव्याचे आयुष्य झपाट्याने घटते, तेव्हा पाठीमागे हवा खेळती ठेवावी. विजेचा दाब जेथे वरखाली होतो, तेथे डायोडच्या आधी त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो. दिवा घेताना दाबाची मर्यादा वाचावी आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. कुंडीला पाणी घालण्याचे आणि विजेचे काम एकाच फळीवर असल्याने अर्थिंग निर्दोष हवे. टायमर अवश्य लावावा, कारण चोवीस तासांचा उजेड हा उपकार नव्हे. टोमॅटोची पाने तर अखंड प्रकाशात डागाळतात.

निवाडा असा, की खिडकी प्रथम, चुना नंतर, दिवा शेवटी. उत्तर किंवा पूर्व खिडकीपासून हातभर अंतरावर कुंडी ठेवण्याने जे साधते, ते दोन हजारांच्या दिव्याने खोलीच्या कोपऱ्यात साधत नाही. आणि ज्याला अंगण किंवा गच्ची आहे, त्याने तुळस, मिरची आणि टोमॅटो तेथेच ठेवावे. खिडकी नसलेल्या सदनिकेत, कार्यालयात, वसतिगृहाच्या खोलीत, किंवा आषाढाच्या झडीत रोपवाटिकेचे ट्रे आत घ्यावे लागले तर, 4000 केल्व्हिनच्या दोन-चार बॅटन, तीन बाजूंस पांढरा रंग आणि चौदा तासांचा टायमर एवढ्याने काम निभते, आणि हे सारे सामान तालुक्याच्या इलेक्ट्रिकल दुकानात मिळते. ‘ग्रो लाईट’ या नावाखाली जास्त दर लावणाऱ्या उत्पादकांनी मात्र खोक्यावर दिव्याचे मायक्रोमोल, आणि वॅटमागे ते किती पडतात हा आकडा छापावा. त्या नावाने जादा दरात विकला जाणारा पांढरा दिवा वॅटमागे दोन मायक्रोमोलांहून कमी देत असेल तर ग्राहकाने तो घेऊ नये, आणि आकडाच छापलेला नसेल तर दुकानदाराला तो विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.